घड्याळात लाख लावताना या चुका टाळा

मनगटी लिव्हर घड्याळात, म्हणजे बॅटरीशिवाय स्प्रिंगवर चालणाऱ्या घड्याळात, लाख लागते ती तीनच जागी: पॅलेट फोर्कचे (एस्केप व्हील या चाकाचे दात एकेक करून अडवणारा-सोडणारा काटा) दोन दगड, म्हणजे बारीक माणकं, आणि बॅलन्सच्या (मागेपुढे झुलणारं चाक) रोलरमधला, म्हणजे त्याच्या दांड्यावरच्या चकतीतला, इम्पल्स ज्वेल (फोर्कचा धक्का घेणारा दगड). तिन्ही मिळून डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी. तरीही दुसरीकडून 'सर्व्हिस' होऊन माझ्या टेबलावर येणाऱ्या घड्याळांत सगळ्यात जास्त नासधूस याच जागी दिसते. नवी पोरं मेनस्प्रिंग भरायला, तेल द्यायला मन लावून शिकतात. लाखेची वेळ आली की 'चिकटवायचंच तर आहे' म्हणून उरकतात. खरं तर दगड चिकटवणं हे निम्मंच काम झालं. तो पुन्हा हलवता आला पाहिजे, पुढेमागे सरकवता आला पाहिजे, म्हणून तिथे लाख असते.

त्यामुळे पहिली चूक, आणि माझ्या लेखी सगळ्यात वाईट: सुपरग्लू. मागे नागपूरच्या महाल भागातल्या एक ताई वडिलांची एचएमटी जनता घेऊन आल्या. "दादा, साफ करून आणली तेव्हापासून कधी पळते, कधी थांबते. आधी अशी नव्हती." उघडून आयग्लास लावला तर पॅलेटच्या आसपास सगळीकडे पांढरी धुरकट साय. सुपरग्लू सुकताना त्याची वाफ अशी शेजारच्या पॉलिश केलेल्या भागांवर बसते. एक्झिटचा दगड (चाकाचा दात ज्यावरून बाहेर पडतो तो; दुसरा एन्ट्रीचा) खाचेत गरजेपेक्षा आत गेला होता, त्यामुळे एस्केप व्हीलचा दात लॉकिंगच्या बाजूवर, म्हणजे जिथे तो अडून थांबतो तिथे, टेकण्याऐवजी थेट इम्पल्सच्या उतारावर, म्हणजे जिथून तो फोर्कला ढकलतो तिथे, पडत होता. लॉकच नाही, मग घड्याळ पळणार नाही तर काय करणार?

हे का झालं तेही कळत होतं. आधीच्या माणसाने फोर्क स्पिरिटमध्ये भिजत टाकला असणार. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, दगड सैल झाला. मग तो हाताने ढकलून वरून थेंब सोडला. सुपरग्लू खाचेत झिरपतो आणि दगडाची खोली बघायच्या आधीच धरतो. तो काढायला फोर्क ॲसिटोनमध्ये झाकून रात्रभर ठेवावा लागला. ॲसिटोनमध्ये लाखही नरम पडते, म्हणून चांगला बसलेला दुसरा दगडसुद्धा सोडवून नव्याने बसवला. पाच मिनिटं वाचवायला कुणीतरी थेंब सोडला आणि ताईंना पैसे दोनदा मोजावे लागले. हा शॉर्टकट मी माझ्या टेबलावर कुणालाही करू देत नाही. इपॉक्सीचंही तेच.

म्हणून धुण्याची सवय आधी सुधारा. फोर्क आणि बॅलन्स स्पिरिटमध्ये नाही, थिनरमध्ये तर मुळीच नाही. मी हे दोन भाग बाकीच्यांपासून वेगळे काढतो, व्हाइट पेट्रोलमध्ये मऊ ब्रशने धुतो आणि लगेच टिपतो. पेट्रोलने लाखेला काही होत नाही. अमोनिया असलेल्या क्लीनिंग सोल्यूशनमध्ये भाग टाकून चहाला जाऊ नका, अमोनियाही लाख खातो. अल्ट्रासोनिक मशीनचा हीटर चालू असेल तर आणखी जपा. लाख साधारण 65 ते 70 अंशांना नरम पडायला लागते आणि काही मशीनचं पाणी त्याच्या जवळ पोचतं.

आता उष्णता. घाईची खरी परीक्षा इथेच होते. फोर्क चिमट्यात धरून थेट ज्योतीवर नेणारे लोक मी पाहिलेत. फोर्क इतका हलका असतो की क्षणात पोलाद पिवळं, मग निळं होतं. निळं झालं म्हणजे तापमान 300 अंशांच्या आसपास गेलं आणि फोर्कचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. लाखेला 80 अंश पुरतात. तापून बुडबुडे आलेली, काळपट झालेली लाख थंड झाल्यावर ठिसूळ होते. घड्याळ एकदा पडलं की दगड सुटतो.

माझ्याकडे जुन्या अलार्म घड्याळाच्या जाड पितळी प्लेटचा पट्टीसारखा तुकडा आहे. पॅलेटच्या पिव्होटसाठी (आसाच्या टोकासाठी) त्याला भोक आहे, म्हणजे फोर्क सपाट बसतो. स्पिरिटचा दिवा पट्टीच्या दुसऱ्या टोकाखाली धरायचा, फोर्कखाली कधीच नाही. फोर्कशेजारी लाखेचा एक कण ठेवायचा. तो कडेने गोल व्हायला लागला की दिवा बाजूला. तोच माझा थर्मामीटर. त्याच्या आधी दगडाला हात लावायचा नाही. लाख कडक असताना दगड ढकलला तर कोपऱ्याचा कपचा उडतो आणि तो दगड वाया जातो.

लाख लावायची कशी? चपड्याचं, म्हणजे शुद्ध लाखेचं, पातळ पान दोन चिमट्यांत धरून दिव्याच्या उबेवर नरम करायचं आणि हळू ताणायचं. पाकाची तार येते तशी बारीक तार येते. थंड झाली की ब्लेडने तुकडे करून डबीत ठेवायचे. असा एक तुकडा गरम फोर्कवर, दगडाच्या मागच्या टोकाला टेकवला की तो वितळून आपोआप खाचेत ओढला जातो. तुकडा मोठा घेतला तर लाख लॉकिंगच्या बाजूवर उतरते. लाख वितळवून लावायची असते, विरघळवून नाही. सुताराचं स्पिरिट पॉलिश ब्रशने लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्यातलं स्पिरिट आत अडकून राहतं आणि पकड येत नाही.

रोलरच्या ज्वेलसाठी बॅलन्स दिव्याजवळ नेऊच नका, शेजारीच हेअरस्प्रिंग (बॅलन्सची केसासारखी बारीक स्प्रिंग) आहे. दोन टोकांचं छोटं पितळी अवजार वेगळं तापवून रोलरला टेकवा.

बांगडीची किंवा पार्सल सील करायची लाख वापरू नका, त्यात रंग आणि भराव असतो.

एन्ट्री आणि एक्झिटचे दगड मिसळू नका. दोघांच्या उताराचा कोन वेगळा असतो. काढायच्या आधी दगड किती बाहेर आहे ते नीट पाहून ठेवा.

पांढरी ब्लीच केलेली लाख स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, ती लवकर खराब होते. साधा नारिंगी चपडा उत्तम. विदर्भातल्या माणसाला तो परका नाही, लाखेचा किडा आपल्या पळसावर, बोरीवर, कुसुमावरच वाढतो. पण नागपूरचा मे महिना त्याला मानवत नाही. 45 अंशांच्या दुपारी स्कूटरच्या डिकीत राहिलेल्या पानांचा एकच गोळा होतो. सीताबर्डीत पत्र्याच्या टपरीत बसणाऱ्यांनी उन्हाळ्यात डबी घरी नेलेली बरी. थोडीच आणा, संपली की ताजी आणा. जुनी लाख नीट वितळतही नाही.

दगड बसला, फोर्क पूर्ण थंड झाला, की मेनस्प्रिंगला जेमतेम चावी देऊन फोर्क हाताने इकडून तिकडे करा. बहुतेक घड्याळांत एस्केप व्हीलला 15 दात असतात. पंधराही दात दोन्ही दगडांवर बघा, तीन-चार बघून सोडू नका. दात लॉकिंगच्या बाजूवर, कोपऱ्याच्या जरासाच आत टेकला पाहिजे. फार आत टेकत असेल तर दगड जास्त बाहेर आला आहे आणि बॅलन्सचा झोका कमी पडेल. पुन्हा पट्टीवर ठेवा, कण वितळेपर्यंत थांबा, केसभर सरकवा. हे सगळे दात नीट दिसेपर्यंत दगडांना तेल देऊ नका, कारण तेलकट दगडावर लाख पुन्हा धरत नाही.