वाऱ्यात पॉइंट टू-टू : ५० मीटरवर नेम कसा राखावा

१० मीटर एअर रायफल बंद हॉलमध्ये चालते, ५० मीटरची पॉइंट टू-टू (.२२ इंच कॅलिबरची रायफल) उघड्या रेंजवर. हॉलमध्ये तयार झालेला नेमबाज इथे आला की दहाऐवजी अचानक नऊ-आठ गुण पडू लागतात आणि तो रायफलवर, गोळ्यांवर, शेवटी स्वतःवरच संशय घेतो. पुष्कळदा कारण वारा असतो, आणि वारा वाचायला शिकता येतं.

आधी आकडे बघा. मॅचची (स्पर्धेत वापरायची) गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने, म्हणजे आवाजापेक्षा थोडी हळू निघते. सेकंदाला १ मीटरचा आडवा वारा तिला ५० मीटरवर अंदाजे ५ मिलिमीटर सरकवतो. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. त्यामुळे वारा २ मीटरने बदलला की अगदी मध्यावर बसणारी गोळी नऊमध्ये जाते. १०० मीटरवर हे सरकणं दुप्पट नव्हे, जवळपास चौपट होतं.

मग जास्त वेगाची गोळी घ्यावी का? घेऊ नका. आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा विरोध एकदम वाढतो आणि गोळी झपाट्याने मंदावते. हवेने गोळीला किती उशीर लावला, त्यावर वाऱ्याचा परिणाम ठरतो. म्हणून हाय व्हेलॉसिटी गोळी मॅचच्या हळू गोळीपेक्षा जास्त वाहते.

१. शांत हवेतला ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पसारा) माहीत करून घ्या. भल्या सकाळी, रेंजवरचे वारा दाखवणारे झेंडे पडलेले असताना, वेगवेगळ्या लॉटच्या (उत्पादनाच्या खेपांच्या) गोळ्या मारून पाहा आणि रायफलला मानवणारा लॉट ठरवा. हा ग्रुप माहीत नसेल तर चुकलेली गोळी वाऱ्याची की ट्रिगरची, हे कधीच कळणार नाही.

२. जवळचा झेंडा आधी बघा. मोठ्या स्पर्धांच्या रेंजवर झेंडे १० आणि ३० मीटरवर असतात. नळीजवळ वाऱ्याने दिलेला कल गोळी पुढे टार्गेटपर्यंत नेते, म्हणून १० मीटरचा झेंडा जास्त महत्त्वाचा. सरावात रेंज ऑफिसरच्या परवानगीने स्वतःच्या फिती लावा. स्पर्धेत ते चालत नाही. उन्हात टेलिस्कोपमधून मृगजळाची लहर कुठे वाहते तेही पाहा.

३. साइटर, म्हणजे गुण न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्या, वाया घालवू नका. झेंडा डावीकडे, उजवीकडे, पडलेला, अशा प्रत्येक स्थितीत एकेक गोळी मारा आणि ती कुठे गेली ते लक्षात ठेवा. एक गोष्ट पुष्कळांना चकवते: नळीच्या आतल्या खाचांचा पीळ उजवा असेल तर डावीकडून आलेला वारा गोळीला उजवीकडे आणि थोडी खाली नेतो, उजवीकडून आलेला डावीकडे आणि वर. म्हणजे ग्रुप घड्याळातल्या १० ते ४ या तिरक्या रेषेत पसरतो. हे माहीत नसलं की माणूस श्वासात चूक शोधत बसतो.

४. एक वारा निवडा आणि त्याची वाट पाहा. माझ्या मते सगळ्यात जास्त गुण इथेच मिळतात. वारंवार परत येणारा, पुरेसा वेळ टिकणारा वारा निवडा, तो अगदी शांत नसला तरी चालेल. त्यावर साइट (नेम धरायचं साधन) लावा आणि फक्त त्याच वाऱ्यात मारा. नेम धरलेला असताना झेंडा फिरला तर रायफल खाली घ्या, कितीही सुंदर जमलेला नेम असो. प्रोनच्या (पालथं झोपून मारायच्या) ६० गोळ्यांना ५० मिनिटं असतात. आपला वारा आला की लय पकडून भराभर मारायच्या, म्हणजे वाट पाहायला वेळ उरतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचं विश्वविजेतेपद मिळवलं, ते ६०० पैकी ५९७ गुणांनी. इतक्या वरच्या पातळीवर चुकीच्या वाऱ्यात मारलेली एखादी गोळीसुद्धा महागात पडते.

५. क्लिक (साइटची खुंटी एक टप्पा फिरवणं) की नेम सरकवणं? वारा बदलून तसाच स्थिरावला तर क्लिक द्या. तुमच्या साइटचा एक क्लिक ५० मीटरवर किती सरकतो, ते कागदावर मोजून घ्या. झुळूक क्षणिक असेल तर थांबा. वेळच संपत आला असेल तेव्हाच नेम बाजूला धरा. एका नऊवर लगेच क्लिक देणं टाळा.

थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, प्रोन आणि उभ्याने असा क्रम असतो. पोझिशन बदलली की साइटर पुन्हा मारता येतात. उभ्याने नळी जमिनीपासून उंच जाते, तिथे वारा जास्त लागतो आणि शरीरही हलवतो; तेव्हा आधीचे क्लिक गृहीत न धरता झेंडे नव्याने वाचा.