दवाखान्यात न्यायची वेळ आली तर आधी कुठं जायचं आणि काय विचारायचं

हे महाराष्ट्रापुरतं लिहितोय. घाबरलेल्या अवस्थेत लोक समोर दिसेल त्या हॉस्पिटलात शिरतात, डिपॉझिट भरतात आणि मोफत उपचाराच्या सरकारी योजनेचं नंतर कळतं, तोपर्यंत दागिने गहाण पडलेले असतात, हे बघवत नाही म्हणून.

ताप, बीपी-शुगरच्या गोळ्या, लस, बाळंतपण यासाठी आधी उपकेंद्र नाहीतर पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. त्यांना झेपलं नाही तर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा, मग सिव्हिल, म्हणजे जिल्हा रुग्णालय. पुढं पाठवताना रेफर चिठ्ठी लिहून घ्या, पुढच्या डॉक्टरला आधी काय दिलंय ते कळतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या या दवाखान्यांत केसपेपरपासून ऍडमिटपर्यंत सगळं मोफत आहे. ससून, जेजे ही मेडिकल कॉलेजची आणि केईएम, सायन ही महापालिकेची, त्यांना हा निर्णय लागू नाही, तिथं फी लागते पण प्रायव्हेटच्या मानाने किरकोळ.

मोठं ऑपरेशन, हार्ट, कॅन्सर, डायलिसिस असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून ८ जिल्ह्यांत सुरू झालेली तीच ही, आता आयुष्मान भारतसोबत चालते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात, मग ते प्रायव्हेट का असेना, आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं टेबल असतं. ऍडमिट होताना काउंटरच्या आधी त्या टेबलावर जा. रेशनकार्ड आणि आधार द्या, तो ऑनलाइन मंजुरीला टाकतो, मंजुरी आली की ऑपरेशन, औषधं, जेवण यांचा पैसा द्यायचा नसतो. बरेचदा अडतं कुठं तर नावात, रेशनकार्डावर एक आणि आधारवर दुसरंच, किंवा सुनेचं नाव अजून माहेरच्याच कार्डावर, त्यामुळे घरात सगळे धडधाकट असतानाच ते दुरुस्त करून ठेवा प्लीज. काही ऑपरेशनं फक्त सरकारी हॉस्पिटलसाठीच राखीव आहेत, सगळी हॉस्पिटलं सगळे आजार घेतात असंही नाही, म्हणून निघायच्या आधी योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला फोन करून विचारा.

योजनेत नाही बसलं तरी हात टेकू नका. ट्रस्टची मोठी हॉस्पिटलं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असतात, त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्याच लागतात. रिसेप्शनवर 'खाट नाही' म्हणाले तर सोशल वर्करला भेटा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवा, आणि नकार आला तर तो लेखी मागा. लेखी म्हटलं की बोलण्याचा सूर बराच बदलतो. तरीही नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात तक्रार करा.

ऍक्सिडेंट असेल तर हे काही शोधत बसू नका, ॲम्ब्युलन्ससाठी १०८ लावा. पोलीस केस आहे म्हणून कुठलाही डॉक्टर प्राथमिक उपचार नाकारू शकत नाही, सुप्रीम कोर्टाने १९८९ लाच सांगितलंय.

आणि निव्वळ प्रायव्हेटला जावंच लागलं तर दरपत्रक भिंतीवर लावलेलं असतं ते बघा, बिल आयटमवार मागा. दुर्दैवाने पेशंट गेला तर बिल थकलंय म्हणून बॉडी अडवून ठेवता येत नाही, २०२१ च्या नर्सिंग होम नियमांत हे स्पष्ट लिहिलंय.