फळमाशीवर चेताऱ्हासाचा (चेतापेशी हळूहळू नष्ट होण्याचा) अभ्यास करताना या चुका टाळा

अल्झायमर किंवा पार्किन्सनशी निगडित मानवी प्रथिन फळमाशीच्या डोळ्यात निर्माण केले आणि डोळा खडबडीत झाला, की आजाराचे प्रारूप हाती आले असे समजणे ही या अभ्यासातील सर्वांत महागात पडणारी चूक होय. १९९३ पासून रूढ असलेल्या गॅल४-यूएएस पद्धतीत यीस्टमधील गॅल४ हे प्रथिन यूएएस या डीएनए-क्रमाला चिकटते आणि त्याला जोडलेले हवे ते जनुक हव्या त्या ऊतीत कार्यान्वित करते. परंतु डोळ्यासाठी वापरला जाणारा जीएमआर-गॅल४, विशेषतः त्याच्या दोन प्रती असताना आणि २९ अंश सेल्सिअसला, स्वतःच नेत्रिकांची (संयुक्त डोळ्यातील छोट्या घटकांची) ओळीबद्ध मांडणी विस्कटतो. म्हणून केवळ गॅल४ असलेल्या आणि केवळ यूएएस असलेल्या माश्या त्याच तापमानाला, त्याच खाद्यावर वाढवून शेजारी ठेवल्याशिवाय छायाचित्राला फारसा अर्थ उरत नाही. दुसरे यूएएस जनुक घातल्यावर डोळा सुधारला, तर आनंद मानण्याआधी गॅल४ दोघांत विभागले गेले नाही ना, हे यूएएस-लॅकझेडसारखे निरुपद्रवी जनुक तितक्याच प्रतींत घालून पाहावे.

माशी कोषातून बाहेर पडल्यापासूनच नळीच्या भिंतीवर नीट चढत नसेल, तर तो ऱ्हास नव्हे, वाढीतला दोष असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी तापमान-संवेदी गॅल८० (कमी तापमानाला गॅल४ रोखून धरणारे आणि जास्त तापमानाला निष्क्रिय होणारे प्रथिन) जोडून माश्या १८ अंशांना वाढवाव्यात आणि प्रौढ झाल्यावरच २९ अंशांना हलवाव्यात. तरुणपणी निरोगी असलेली माशी वयानुसार खालावताना दिसली, तरच ऱ्हासाचा दावा करता येतो.

नळी आपटून माश्या तळाशी पाडल्यावर त्या किती चढतात, ही चाचणी दिसायला सोपी असली तरी फसवी आहे. कार्बन डायऑक्साइडची भूल दिल्यानंतर निदान एक दिवस जाऊ द्यावा, चाचणी रोज ठरावीक वेळीच घ्यावी आणि नर-मादी वेगळे मोजावेत. चेतापेशींत गॅल४ निर्माण करणारा, एक्स गुणसूत्रावरील इलाव्ह-गॅल४ नरांमध्ये अधिक जोमाने चालतो, ही बाब तर सर्रास विसरली जाते. तुलनेसाठी पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या घेणेही धोक्याचे, कारण डोळ्यांना लाल रंग येण्यासाठी लागणाऱ्या व्हाइट जनुकाच्या अभावानेच चढण्याची क्षमता घटते.

आयुर्मानाच्या नोंदींत ओल्या खाद्याला चिकटून मेलेल्या किंवा नळी बदलताना निसटलेल्या माश्या नैसर्गिक मृत्यूंत धरू नयेत. त्या दिवसापासून त्यांची नोंद ‘निरीक्षणाबाहेर’ अशी करावी.