कॅप्शन झाका, मग व्हिडिओ बघा

विरार लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की आपण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडतो आणि तिथे "बघा यांनी काय केलं, डिलीट व्हायच्या आत शेअर करा" वाला व्हिडिओ असतोच. घरचे मोठे "हे खरं आहे का रे" असं आपल्यालाच विचारतात, म्हणून कॉलेजवाल्यांनी तरी हे शिकून घ्या.

आधी कॅप्शनवर अंगठा ठेवा, सिरियसली. 16 एप्रिल 2020 ला पालघरच्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला जमावाने ठार मारलं, त्या व्हिडिओत कोणीतरी "ओय बस, ओय बस" ओरडतंय, पण वर "मार शोएब मार" लिहून तो फिरवला आणि लोकांना खरंच शोएब ऐकू यायला लागलं. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना सांगावं लागलं की अटक केलेल्या 101 जणांत एकही मुस्लिम नाही. म्हणून ज्याने कॅप्शन वाचलेलं नाही अशा मित्राला नुसता आवाज ऐकवा आणि काय ऐकू येतंय विचारा, आपण स्वतः काही सुचवायचं नाही.

मग स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्सला टाका, तोच फोटो आधी कुठे आलाय का ते कळतं. व्हिडिओ असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या फ्रेम घ्या, दुकानाची पाटी, गाडीची नंबर प्लेट, पोलिसांचा युनिफॉर्म दिसेल अशा. मेसेजवर फॉरवर्डचा डबल बाण असेल तर तो बऱ्याच हातांतून आलाय एवढंच कळतं, खरं-खोटं नाही.

आपल्या बाजूचं वाटतं ते तर डबल चेक करा. 11 ऑगस्ट 2012 ला आझाद मैदानात दंगल झाली, त्याच्या आधी म्यानमारमधल्या मुसलमानांच्या कत्तलीचा म्हणून जे फोटो फिरत होते त्यातला एक 2010 च्या भूकंपानंतर मदत करणाऱ्या तिबेटी भिक्खूंचा होता. म्हणजे हे सगळ्यांकडे चालतं, कोणी नाक वर करायचं कारण नाही.

खोटं निघालं तर काकांना ग्रुपवर उघडं पाडू नका, ते अजून हट्टाला पेटतात (आणि गणपतीला तोंड दाखवायचंय ना). पर्सनलवर लिंक टाका, "काका हा जुना आहे, तुम्हीच ग्रुपवर सांगा ना". तो व्हिडिओ मात्र परत चिकटवू नका.

आणि खरा निघाला तर? निघतो कधीकधी. मग गुन्हा कुठे नोंदवलाय ती बातमी शोधा, पाठवायचंच असेल तर ती पाठवा, आणि खालची "हे लोक असलेच" ही ओळ उडवा.