विसरायला होतंय म्हणून आणखी घोकत बसू नका

२०२० च्या लॉकडाउनमध्ये मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होतो. खोलीत तीन कॉट, पण बाकीचे दोघं मार्चमध्येच गावी गेलेले. मेस बंद, अभ्यासिका बंद. ५ एप्रिलची राज्यसेवा पूर्व परीक्षा पुढे गेली, मग पुन्हा गेली, आणि असं करत करत २१ मार्च २०२१ ला एकदाची झाली. त्या काळात मला राज्यघटनेची कलमं धडाधड म्हणता यायची, पण गॅसवर दूध ठेवलंय हे आठवायचं नाही. तीनदा पातेलं करपलं. आपल्याला काहीतरी झालंय असं वाटून मी अभ्यासाचे तास वाढवले. नेमकं तेच चुकलं.

चूक पहिली : ‘डोकंच गेलं’ असं ठरवून टाकणं

आधी तपासा, गोष्ट डोक्यात शिरून विसरली गेली की शिरलीच नाही? मनात एका वेळी जेमतेम चारेक गोष्टी मावतात. त्यातल्या दोन जागा ‘परीक्षा कधी’ आणि ‘घरी पैसे किती दिवस मागायचे’ यांनी अडवल्या, तर चावी कुठे ठेवली याची नोंद होणार कुठे? आठवडाभर चावी ठेवताना मोठ्याने म्हणा, ‘चावी खुंटीला.’ येडपटासारखं वाटेल, पण खोलीत ऐकायला आहे कोण? एवढ्याने चावी सापडायला लागली, तर अडचण लक्षाची होती, स्मरणशक्तीची नव्हे. ठरलेल्या कामांसाठी सरळ मोबाईलवर गजर लावा, त्यात कमीपणा नाही.

एकटेपणाचा मेंदूवर परिणाम होतो, हे खरं आहे. अंटार्क्टिकावरच्या जर्मनीच्या नॉयमायर तळावर चौदा महिने काढलेल्या नऊ जणांच्या पथकाचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी संबंधित अवयवाचा एक भाग त्यांच्यात आकाराने घटलेला दिसला. पण मोजकी माणसं आणि बर्फातलं आयुष्य. त्यावरून पेठेतल्या आपल्या खोलीचं निदान करत बसू नका.

चूक दुसरी : झोप कापणं

दिवसभर वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. रात्री दोनपर्यंत जागून वाढवलेले तास म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

चूक तिसरी : तेच पान पुन्हा पुन्हा वाचणं

ही सगळ्यात फसवी. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं, की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून लिहिणारे बाजी मारतात. आपण पाच मिनिटांनंतरच्या समाधानावर खूश होऊन हायलाइटर उचलतो.

एकट्याला हे जास्त नडतं. एरवी टपरीवर चहा पिताना कुणीतरी विचारायचंच, ‘काल काय केलंस रे?’ आपण सांगायला लागायचो, मध्येच अडकायचो, समोरचा चूक काढायचा, वाद व्हायचा. ती नकळत झालेली रिव्हिजन होती. टपरी गेली आणि तीही गेली. मग मी रात्री आईला फोन करून पंधरा मिनिटं दिवसभरातलं सांगायला लागलो. वित्त आयोग तिला काही कळला नाही, पण ‘परवा तू पाच वर्षं म्हणालास ना?’ असं ती बरोबर पकडायची. असा एक कान शोधा. तोपर्यंत पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहा.

चूक चौथी : सगळंच ताणावर ढकलणं

बी-१२ कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी विसरायला होतं. महिनोन् महिने मॅगीवर काढले असतील, तर डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या. आणि दोन आठवडे मन लागत नसेल, झोप-भूक उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

दुधापुरतं सांगायचं तर, आता दूध तापेपर्यंत मी फोन खोलीत ठेवून गॅससमोर उभा राहतो.