स्विचला दुहेरी जोडणी देताना: बडोद्यातील कामाचा अनुभव

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत नेटवर्कचे काम शिकायला येणाऱ्या नव्या मुलामुलींच्या कानावर सर्वांत आधी एक मागणी पडते, ती म्हणजे एक केबल तुटली तरी काम थांबता कामा नये. मागणी रास्त आहे. पण त्यासाठी प्रत्येक स्विचपासून (संगणकांच्या केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीपासून) वरच्या स्विचपर्यंत दोन केबल ओढून नुसत्या खोचून दिल्या, तर काही सेकंदांत सगळे नेटवर्क ठप्प होऊ शकते, आणि असे का होते हे समजल्याशिवाय रॅकला हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आयपी पॅकेटमधला, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटातला, टीटीएल हा आकडा प्रत्येक राउटरवर एकाने घटतो आणि शून्यावर आला की पॅकेट टाकून दिले जाते. स्विच जी इथरनेट फ्रेम पुढे पाठवतो, तिच्यात मात्र असा आकडाच नाही. त्यामुळे स्विचमध्ये लूप, म्हणजे फिरून तिथेच येणारा मार्ग, झाला की एखादी साधी एआरपी विचारणासुद्धा (अमुक आयपी पत्ता कोणाचा, असा सर्वांना केलेला सवाल) फिरतच राहते, तिच्या प्रती बाकीच्या सर्व पोर्टांवर जातात आणि एकच मॅक पत्ता (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) कधी या पोर्टवर, तर कधी त्या पोर्टवर दिसू लागतो. अशा वेळी स्विचवरचे सगळे दिवे एकदमच अखंड लुकलुकतात आणि स्विचला थेट कन्सोल केबल लावूनही कमांडचे उत्तर रखडत येते. हे चित्र डोळ्यांत बसवून ठेवावे.

यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल (एसटीपी) रचला. तो जादा दुवा अडवून ठेवतो, म्हणजे लूप टळतो पण दुसरी केबल रिकामी पडून राहते. मूळ आवृत्तीत बदल सावरायला ३० ते ५० सेकंद लागत. आरएसटीपी या पुढच्या आवृत्तीने हा काळ बराच खाली आणला.

माझ्या मते आराखडाच असा असावा की एसटीपीला अडवण्यासारखे काही उरू नये. त्यासाठी दोन्ही केबल एलएसीपी या वाटाघाटीने गट जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने एकाच गटात बांधाव्यात, म्हणजे एसटीपीला एकच दुवा दिसतो. दोन्ही टोकांना ॲक्टिव्ह मोड (स्वतःहून वाटाघाटी सुरू करणारा) ठेवावा, कारण वाटाघाटीविना बळेच बांधलेल्या गटाचे एक टोक बांधायचे राहून गेले, तर तिथेच लूप होण्याचा धोका असतो. वरचा स्विचच बंद पडला तर काय, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी वरचे दोन स्विच स्टॅक किंवा एमलॅगने जोडावेत, म्हणजे खालच्या स्विचला ते एकच भासतात. “सर, मग वेग दुप्पट होईल ना?” असे शिकाऊ मुले हमखास विचारतात. एकाच फाइलच्या कॉपीला होत नाही, कारण एक प्रवाह एकाच केबलवरून जातो. अनेक संगणक मिळून मात्र दोन्ही केबल वापरतात. आणखी एक गोष्ट कागदावरच्या आकृतीत दिसत नाही: दोन्ही फायबर एकाच चरातून नेल्या, तर जेसीबीच्या एका घावात दोन्ही तुटतात.

इतके केल्यावरही एसटीपी बंद करू नये. सर्वांत कमी प्रायॉरिटीचा स्विच रूट, म्हणजे एसटीपीच्या झाडाचे मूळ, होतो. सर्व स्विचची प्रायॉरिटी मूळची ३२७६८ असते आणि ती बरोबरीत राहिली तर सर्वांत लहान मॅक पत्त्याचा स्विच रूट होतो. तो बहुधा गोदामातला सर्वांत जुना स्विच निघतो. म्हणून मुख्य स्विचला ४०९६ आणि पर्यायी स्विचला ८१९२ द्यावी. टेबलाकडच्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड, म्हणजे एसटीपीचे संदेश (बीपीडीयू) आले की पोर्ट बंद करणारी सोय, हवीच. एका कारखान्याच्या हिशेब विभागात टेबलाखालच्या छोट्या स्विचमध्ये कोणीतरी एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोके खोचली होती, आणि गार्ड नसल्याने पूर्ण इमारत बंद पडली. काही स्वस्त स्विच बीपीडीयू गिळून टाकतात, तेव्हा गार्डला काहीच कळत नाही. म्हणून त्याच पोर्टांवर फ्रेमचा पूर रोखणारा स्टॉर्म कंट्रोलही लावावा.

शेवटी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी चाचणी घ्यावी. पिंग (सतत उत्तर मागणारी छोटी चाचणी) सुरू ठेवून आधी एक केबल काढावी, मग वरच्या एका स्विचची वीज काढावी. वीज परत दिल्यानंतरही स्विच पूर्ण उभा राहीपर्यंत पिंगवरची नजर हटवू नये, कारण काही वेळा पोर्ट आधी जागे होतात, स्विच फ्रेम पुढे पाठवायला मागाहून तयार होतो, आणि नेमक्या त्याच मधल्या वेळेत पॅकेट हरवतात.