तरुणांच्या प्रजनन आरोग्यावर प्रबंध करताय? या चुका टाळा

एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी मी पहिली प्रश्नावली इंग्रजीत लिहिली, तिचं मराठी केलं आणि गावात गेले. 'योनिस्राव होतो का?' या प्रश्नावर समोरची मुलगी आशाताईंकडे बघत राहिली. 'अगं, अंगावरून पांढरं जातं का, असं विचारतायत त्या,' आशाताई म्हणाल्या. मुलीला प्रश्न कळला, पण पुढच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच: नाही. समजावून सांगणाऱ्या ताई तिच्याच आळीतल्या होत्या ना! तेव्हा आठ-दहा जणींशी नुसत्या गप्पा मारून शब्द आधी गोळा करा (गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात, हे मला तिथेच कळलं), आणि खऱ्या मुलाखतीला गावातलं कुणीही शेजारी बसवू नका.

याहून महागात पडते ती वयोगटाची चूक. '15 ते 24' असं सहज लिहिलं जातं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अठराच्या आतल्या मुलीसाठी साधारणपणे पालकांची संमती आणि तिचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतं. आईची सही घेऊन मुलीला प्रियकराबद्दल विचारायचं, म्हणजे काय उत्तर मिळणार ते दिसतंच आहे. त्यात 2012 चा पॉक्सो, म्हणजे अठराखालच्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. सतरा वर्षांच्या मुलीने मर्जीने ठेवलेले संबंध सांगितले, तरी कलम 19 नुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि संमतीपत्रात आपण छापलेलं असतं, 'माहिती पूर्णपणे गोपनीय राहील.' पाळता न येणारं वचन देऊ नका. अठराखालच्यांना घ्यायचंच असेल, तर असं काही कळल्यावर काय करणार हे नैतिकता समितीच्या अर्जात लिहा आणि मुलीलाही आधी सांगा. माझं विचाराल तर वर्षभराच्या प्रबंधाला 18 ते 24 पुरे.

समितीची मंजुरी येण्याआधी एकही मुलाखत नको. ती मागाहून मिळत नाही.

तयार आकडेवारी वापरणारेही फसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या दोन फेऱ्यांत अविवाहित मुली नव्हत्याच, त्या 2005-06 पासून आल्या. त्याआधीच्या आकड्यांशी थेट तुलना केली, तर आलेख सुरेख येतो आणि चुकीचा असतो. लैंगिक वर्तनाचे प्रश्नही निवडक घरांतच विचारलेले असतात, त्यामुळे त्यातून परभणी किंवा बीडचा जिल्हानिहाय आकडा काढत बसू नका.